शपथ आणि शाकारणी

नवरदेव चर्चमध्ये येऊन उभा आहे आणि नवरीचा पत्ता नाही. घड्याळातला छोटा यांत्रिक पुतळा दर पाव तासाला बाहेर येतो, ठोके देतो आणि आत जातो. सकाळच्या प्रार्थनेला आलेल्या बायका आधी कुजबुजतात, मग खुदखुदू लागतात. साडेअकरा, पावणेबारा, बारा. सार्जंट फ्रान्सिस ट्रॉय मान ताठ ठेवून बाहेर पडतो, तेव्हा फॅनी रॉबिन धावतपळत चौकात येते. 'ऑल सेंट्स' समजून ती 'ऑल सोल्स' या दुसऱ्याच चर्चमध्ये जाऊन थांबली होती. उद्या लावू या का लग्न, असं ती विचारते. चारचौघांत झालेली शोभा ट्रॉयच्या जिव्हारी लागली आहे. तो तिला उडवून लावतो आणि निघून जातो.

टॉमस हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' या कादंबरीतलं हे जेमतेम तीन-चार पानांचं प्रकरण. अर्धापाऊण तास उशीर झाला तर एवढं काय बिघडलं, असं आज वाटतं. पण त्या काळी इंग्लंडमधल्या चर्चमध्ये लग्न सकाळी आठ ते दुपारी बारा एवढ्याच वेळात लावता येई. ही मुदत दुपारी तीनपर्यंत वाढली ती १८८६ साली. बाराचे ठोके पडले म्हणजे त्या दिवसापुरता तरी मुहूर्त खरोखरच टळला. पुढे फॅनी याच ट्रॉयच्या बाळासह कॅस्टरब्रिजच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना पोसणाऱ्या सरकारी कोंडवाड्यात, मरते. दोन चर्चच्या नावांतली गफलत आणि घड्याळाचे बारा ठोके एवढ्यावर ती पत्नी की पतित हे ठरलं. मग लग्न नेमकं होतं तरी कशाने? शपथेने, पुरोहिताने, कायद्याने, की देहाच्या ओढीने? हार्डीने गोष्ट रचली ती मेंढ्या, गव्हाच्या गंजी आणि दारूचे पेले यांच्या गर्दीत. पण हा प्रश्न त्याने शेवटच्या पानापर्यंत सोडलेला नाही.

कादंबरी जानेवारी ते डिसेंबर १८७४ या वर्षात 'कॉर्नहिल मॅगझीन'मध्ये क्रमशः आली, तीही लेखकाच्या नावाशिवाय. पहिले हप्ते वाचून काहींना ती जॉर्ज एलियटची वाटली. हार्डी तेव्हा तेहेतिशीत होता. जन्म डॉर्सेट परगण्यातला, वडील बांधकामाचा धंदा करणारे. आजोबा आणि वडील स्टिन्सफर्डच्या गावचर्चमध्ये भजनांना तंतुवाद्यांची साथ करत. हार्डी स्वतः वास्तुशिल्पी. जुन्या चर्चची डागडुजी हे बराच काळ त्याच्या पोटापाण्याचं काम. प्रार्थनापुस्तक त्याला तोंडपाठ म्हणावं इतकं परिचयाचं, आणि पंचविशीच्या आगेमागे श्रद्धा मात्र गेलेली. संपादक लेस्ली स्टीफन यांची गोष्ट त्याहून गमतीची. ते रीतसर दीक्षा घेतलेले धर्मोपदेशक. विश्वास कधीच उडालेला, दीक्षा मात्र कागदोपत्री शिल्लक. २३ मार्च १८७५ च्या रात्री त्यांनी हार्डीला घरी बोलावून घेतलं आणि धर्मपद सोडल्याच्या दस्तऐवजावर साक्षीदार म्हणून त्याची सही घेतली. म्हणजे पानोपानी बायबल आणि चर्च असलेली ही कादंबरी अशा दोन माणसांच्या हातून वाचकांपर्यंत गेली, ज्यांच्या लेखी वेदीवर कुणी बसलेलंच नव्हतं. तरीही फॅनीचं प्रकरण जपून हाताळा, असा स्टीफन यांचा आग्रह होता, आणि तिच्या शवपेटीतल्या तान्ह्या मुलाचं वर्णन मासिकातून वगळलं गेलं. देवाचं भय नसलेल्या संपादकाला वर्गणीदारांचं भय होतं.

हार्डीचा प्रश्न नीट कळायचा तर १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातला विवाहविधी डोळ्यांसमोर हवा. त्यात पाळक विवाहाची तीन प्रयोजनं वाचून दाखवतो. पहिलं, संतती. दुसरं, वासनेच्या पापापासून बचाव. तिसरं, सुखदुःखात एकमेकांची संगत, मदत आणि दिलासा. हा क्रम सगळ्यांना रुचला होता असं नाही. सोळाव्या शतकातच मार्टिन ब्यूसर या जर्मन सुधारकाने तिसरं प्रयोजन पहिलं असायला हवं, असं सांगून ठेवलं होतं. मिल्टनने १६४३ साली घटस्फोटावर जी पुस्तिका लिहिली, तिचाही सगळा भार या सहवासावरच आहे: दोन मनांची सोबत नसेल तर ते लग्न कसलं? इंग्लंडच्या चर्चने मात्र हार्डीच्या काळापर्यंत क्रम हलवला नव्हता. हार्डीने तो कादंबरीत हलवला, आणि पाळकाला न विचारता हलवला.

बाथशेबा एव्हर्डीन ही त्याची नायिका काकांच्या मागे वेदरबरीची मोठी शेती सांभाळायला येते. धान्य चोरणाऱ्या कारभाऱ्याला हाकलून कारभार स्वतःकडे घेते, धान्यबाजारात पुरुषांच्या गर्दीत उभी राहून सौदे करते. लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात म्हणतात. इथे एक गाठ बांधली जाते ती फेब्रुवारीतल्या एका कंटाळवाण्या रविवारी, बाथशेबाच्या दिवाणखान्यात. ती आणि तिची सोबतीण लिडी आधी बायबलमधल्या रूथच्या पुस्तकावर किल्ली ठेवून नवऱ्याचा कौल लावतात. मग एका लहान मुलासाठी आणलेलं व्हॅलेंटाइनचं कार्ड शेजारच्या बोल्डवुड नावाच्या प्रौढ, अबोल, सधन शेतकऱ्याला पाठवलं तर, अशी टूम निघते. निर्णय भजनांचं पुस्तक हवेत उडवून होतो: उघडं पडलं तर एकाला, मिटलेलं पडलं तर दुसऱ्याला. कार्डावरच्या लाखेच्या मोहोरेवर लग्नाची मागणी कोरलेली. पोरखेळच तो. पण बोल्डवुड त्या मोहोरेवरून वेडा होतो आणि शेवटी त्याच्या हातून खून होतो. हार्डी इथे देवाची थट्टा करत नाही, माणसांनी देवाच्या पुस्तकाचा केलेला फासा दाखवतो. नियती म्हणून जे नंतर ओढवतं, त्यातलं बरंचसं आपणच रिकाम्या वेळी फेकून पाहिलेलं असतं, असं त्याला म्हणायचं असावं.

ट्रॉय तिच्या आयुष्यात येतो तो तलवारीच्या पात्याने तिच्या अंगाभोवती वारा कापत, उंच नेच्यांच्या खळग्यात. बाथशेबा बाथ शहरी जाते ती त्याच्याशी संबंध तोडायला, आणि परतते त्याची बायको होऊन. दुसरी एक जास्त सुंदर बाई दिसली आहे, तू आत्ताच माझी झाली नाहीस तर माझी शाश्वती नाही, असं त्याने सुचवलं. मत्सराने बावरून तिने हो म्हटलं. शपथ झाली, विधी झाला, कायद्याने सगळं चोख. त्या विधीत नवरा आपल्या ऐहिक संपत्तीचं दान बायकोला करतो. प्रत्यक्षात गंगा उलटी वाहत होती. १८७० च्या कायद्याने विवाहितेला तिच्या स्वतःच्या कमाईचा आणि वारशातल्या थोड्याफार भागाचा हक्क दिला होता. तिच्या मालमत्तेवर तिचा स्वतंत्र अधिकार आला तो १८८२ साली. ट्रॉय एका सकाळी शेताचा धनी झाला आणि घोड्यांच्या शर्यतींवर पैसे उधळू लागला.

आणि मग ती शवपेटीची रात्र. फॅनीची पेटी गाडीतून आणणारा जोसेफ पुअरग्रास वाटेत 'बक्स हेड' या दारूच्या गुत्त्यात बसतो. उशीर होतो, दफन दुसऱ्या दिवसावर जातं, पेटी रात्रीपुरती बाथशेबाच्याच घरात ठेवावी लागते. पेटीच्या झाकणावर खडूने फॅनीचं नाव आणि पुढे बाळाचा उल्लेख लिहिलेला. बाथशेबावर मनातून प्रेम करणारा तिचा मेंढपाळ गेब्रिएल ओक बाळाचा उल्लेख हातरुमालाने पुसून टाकतो, तिला एक रात्र तरी कळू नये म्हणून. पण तिला संशय आलेला असतो. ती स्क्रू काढून झाकण उघडते. तेवढ्यात ट्रॉय येतो, गुडघे टेकतो आणि मेलेल्या फॅनीचं चुंबन घेतो. बाथशेबा त्याच्या गळ्यात पडून मलाही जवळ घे म्हणते, तेव्हा तो तिला दूर सारतो. पुरोहितापुढे विधी केला म्हणजे लग्न झालं असं नाही, देवाच्या दृष्टीने माझी खरी पत्नी ही, तुझा नैतिकदृष्ट्या मी कुणीच लागत नाही, असं तो सुनावतो.

कादंबरीतला सर्वांत बंडखोर विचार तिच्यातल्या सर्वांत बेजबाबदार माणसाच्या तोंडी आहे. बहुतेक वाचक तो निर्लज्जपणा म्हणून सोडून देतात, आणि आहेही तो निर्लज्जपणा: जिला चर्चच्या दारातून परत पाठवलं, तिलाच हा मेल्यावर धर्मपत्नी ठरवतो. पण पुढे १९१२ साली, 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' या आपल्या शेवटच्या कादंबरीला नव्याने जोडलेल्या टिपणात हार्डीने स्वतःच्या नावाने लिहिलं की, लग्न दोघांपैकी कुणालाही जाच होऊ लागलं की ते मोडता यायला हवं, कारण तेव्हा ते नैतिक अर्थाने लग्नच उरत नाही. नैतिक अर्थाने! अडतीस वर्षांपूर्वी ट्रॉयने शवपेटीशेजारी उभं राहून हाच निकष लावला होता. १८५७ च्या कायद्याप्रमाणे इंग्लंडमध्ये नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखं आणखी काही सिद्ध करावं लागे. ही विषमता १९१२ मध्येही तशीच होती, त्यामुळे हार्डीच्या वाक्याला धार आहे. तरी एक फरक राहतोच. हार्डी जाच सोसणाऱ्याच्या बाजूने बोलतो. ट्रॉय जाच करणारा आहे आणि विधीचा पोकळपणा त्याला आठवतो तो स्वतःची सुटका हवी असताना. सिद्धान्त तोच, पण हातात घेणाऱ्याने त्यासाठी काय मोजलं, यावर त्याचं मोल बदलतं. धर्मशास्त्र या फरकाला जागा देत नाही, कायदाही फारशी देत नाही. कादंबरी देऊ शकते.

मग लग्न कशाने होतं, याचं हार्डीचं स्वतःचं उत्तर कोणतं? ते शवपेटीच्या आधीच्या एका वादळी रात्रीत आहे. सुगीची मेजवानी. नवा धनी ट्रॉय गड्यांना ब्रँडी पाजतो, बायकांना आणि पोरांना कोठारातून घरी पिटाळतो. पाऊस पडणार नाही म्हणून छातीठोक सांगतो. ओक बाहेर येतो. वाटेत बेडूक रस्ता ओलांडताना दिसतो, गोगलगाय घरात शिरलेली असते, मेंढ्या एका जागी दाटीने उभ्या असतात. अंगणात आठ गंजी उघड्या: पाच गव्हाच्या, तीन बार्लीच्या. ओक मनातल्या मनात हिशेब मांडतो आणि हार्डी तो वहीतल्यासारखा पानावर छापतो: गहू पाचशे पौंड, बार्ली अडीचशे, एकूण साडेसातशे. प्रेमकथेच्या ऐन मोक्यावर जमाखर्च मांडणारा दुसरा कादंबरीकार चटकन आठवत नाही. आणि तो हिशेब कोरडा नाही. जिच्यावर प्रेम केलं तिचं एवढं नुकसान होऊ द्यायचं का, हेच ओक आकड्यांत विचारतो आहे.

गडी दारू पिऊन आडवे झालेले. ओक एकटाच गव्हाच्या गंजी झाकतो आणि बार्लीच्या शाकारायला चढतो. वीज पडू लागते तेव्हा लोखंडी दांड्याला साखळी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीवर सोडतो, म्हणजे कामचलाऊ वीजवाहक तयार. अंधारात बाथशेबा येते. नवरा कुठे आहे, असं ती विचारते; कोठारात झोपला आहे, एवढंच ओक सांगतो. ती शिडीवरून पेंढ्या वर नेऊन देते, तो बसवतो, ती पुन्हा उतरते. विजेच्या उजेडात दोघांच्या प्रचंड सावल्या समोरच्या टेकडीवर पडतात. या शिडीवरच्या चढउतारात ती त्याला बाथची सगळी हकिगत सांगते. जे घरात, चर्चमध्ये, कुणाजवळही बोलता आलं नसतं ते गंजीवर बोलता येतं, कारण हात कामात आहेत आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. शेतात काम केलेल्या कुणालाही हे पटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बोल्डवुड भेटतो. आपल्या गंजी झाकायच्या राहून गेल्या, असं तो शून्यपणे सांगतो, आणि ओकला कळून चुकतं की हा माणूस आतून संपला.

शेवटाकडे हार्डी याला तत्त्वाचं रूप देतो. स्त्री-पुरुषांची गाठ सहसा सुखाच्या प्रसंगी पडते, कामात क्वचित. म्हणून एकमेकांच्या कठोर बाजू आधी कळून मग प्रेम रुजलं, असं फारसं घडत नाही. पण जिथे घडतं तिथे ते प्रेम मरणाच्या तोडीचं असतं, असा त्याचा आशय. 'गीतरत्न' हे बायबलमधलं पुस्तक प्रेमाला मरणाइतकं बळकट मानतं. हार्डी ते मोठेपण उत्कट प्रेमाकडून काढून गंजी शाकारणाऱ्या सोबतीला देतो. तिसरं प्रयोजन पहिलं झालं ते असं. त्याने हे एकदम सांगितलेलं नाही. लोकर कातरणीच्या प्रकरणात तो चारशे वर्षांच्या जुन्या कोठाराचं वर्णन करतो. उंच कमानी, आडवे-उभे वासे, ठेवण हुबेहूब चर्चसारखी. पण ज्या श्रद्धेसाठी चर्च बांधलं ती झिजून गेली असेल, कोठार ज्यासाठी बांधलं ते काम तिथे अजून चालू आहे, हा फरक तो मुद्दाम नोंदवतो. चर्च दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाने हे लिहावं, यात खिन्नताही आहे आणि थोडा खट्याळपणाही.

तरीही हे उत्तर जसंच्या तसं गळी उतरत नाही. ज्या दोघांत मदतीची देवाणघेवाण व्हायची त्यांच्या पायाखाली काहीतरी जमीन लागते. ओकच्या दोनशे मेंढ्या एका अडाणी तरुण कुत्र्याने खाणीच्या कड्यावरून खाली लोटल्या आणि तो कफल्लक झाला. पण त्याच्या हातात कसब होतं. कोवळं क्लोव्हर खाऊन मेंढ्यांना पोटफुगी झाली तेव्हा बाथशेबाला, रागाने काढून टाकलेल्या याच माणसाला आर्जवाची चिठ्ठी पाठवावी लागली, कारण नेमक्या जागी सुई खुपसून हवा काढणारा आसपास दुसरा कुणी नव्हता. फॅनीजवळ असं काय होतं? १८३४ च्या गरीब कायद्याने अनौरस मुलाचा भार आईवर टाकला होता. थकलेली फॅनी रात्री रस्त्यावरून सरपटत वर्कहाउसकडे जाते, तेव्हा तिला आधार देतो एक भटका कुत्रा, आणि तिथला माणूस त्यालाही दगड मारून हाकलतो. सहकाराचं तत्त्वज्ञान तिच्यापर्यंत पोचतच नाही. शेतमजुरांचंही तसंच. जोसेफ आर्चने १८७२ साली मजुरांची देशव्यापी संघटना उभी केली ती पोटाला पुरत नव्हतं म्हणून. वेदरबरीचं मूळ मानलं जाणारं पडलटाउन तर टॉलपडलपासून हाकेच्या अंतरावर, जिथल्या सहा मजुरांना संघटना केल्याबद्दल १८३४ मध्ये ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलं होतं. कादंबरीतले मजूर मात्र गप्पा मारतात, पितात, बायबल चुकीचं सांगतात. या मजुरांवर हार्डीने गंभीरपणे लिहिलं ते १८८३ च्या निबंधात.

बोल्डवुडची बाजू आणखी अवघड. पुढे ट्रॉय बेपत्ता होतो आणि तो समुद्रात बुडाला असं सगळे धरून चालतात. १८६१ च्या कायद्यात सात वर्षं जोडीदाराचा मागमूस नसेल तर पुनर्विवाह हा गुन्हा ठरत नसे. त्या हिशेबाने बोल्डवुड बाथशेबाकडून वचन मागतो: मुदत संपली की माझी हो. तिला तो नको आहे. अपराधाच्या भावनेने ती नाताळच्या आदल्या रात्री कबूल होते. त्याच रात्री ट्रॉय परततो आणि बोल्डवुडच्या बंदुकीला बळी पडतो. नंतर बोल्डवुडच्या कपाटात बायकी वस्त्रं आणि दागिने सापडतात, प्रत्येकावर बाथशेबाचं नाव, पुढे त्याचं आडनाव आणि सहा वर्षं पुढची तारीख. कायद्याने बरोबर, शब्दाने बांधलेलं, आणि माणूस पुरता भ्रमिष्ट. शपथेचं पावित्र्य मानणाऱ्यांनी हे कपाट एकदा उघडून पाहावं.

बाथशेबा आणि ओक शेवटी लग्न करतात, आणि चर्चमध्येच करतात. श्रद्धा गमावलेल्या लेखकाला दुसरी जागा सुचली नाही, की गावात दुसरी जागाच नव्हती? धुकट ओल्या सकाळी दोघं छत्र्या घेऊन चालत जातात, मोजके साक्षीदार, गाजावाजा नाही. शपथ आता त्यांना बांधत नाही, जे आधीच झालेलं आहे त्याची नोंद करते. बाथशेबा मात्र आता सहजी हसत नाही, हे हार्डी कंसात सांगून टाकतो. जिने बाजारात सौदे केले होते तिची ही शांतता सुखाची की थकव्याची, हे त्याने उघडं ठेवलं आहे, आणि तिथे त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. स्वतः हार्डीने त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १८७४ ला, एमा गिफर्डशी लग्न केलं. शेवटचे हप्ते तेव्हा अजून छापून यायचे होते. ती दोघं भेटली होती कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीच्या निमित्ताने. पुढे वर्षानुवर्षं एका घरात राहून ती परकी झाली.

लग्नाच्या संध्याकाळी गावातले लोक जुनी वाद्यं आणि तोफ घेऊन ओककडे येतात, आवाज करतात, थट्टा करतात. कादंबरीचा शेवटचा शब्द हार्डी पाळकाला देत नाही. तो जोसेफ पुअरग्रासला देतो, गुत्त्यात बसून ज्याने फॅनीची पेटी रात्रभर रखडवली होती त्याला. जोसेफ होशेयच्या ग्रंथातलं मूर्तिपूजकांविषयीचं एक वचन या लग्नाला चिकटवतो, आणि झालं ते झालं, याहूनही वाईट होऊ शकलं असतं, अशा बेताने देवाचे आभार मानतो.